चोवीस गोल चुंबकांची वाटणी

मी, खाली सही करणारा, वय बावीस, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातून स्वखुशीने (खरं तर रागाने) बाहेर पडलेला, आज पूर्ण शुद्धीत आहे. ताप नाही, दारू नाही, कोणी मानगूट धरलेलं नाही. उद्या सकाळी हाताने बनवलेलं पवनचक्कीचं जनित्र घेऊन चाळीस फुटी खांबावर चढायचं आहे. वेल्डरमामा म्हणाले, "दोर नीट बांध शहाण्या, तुला खालून गोळा करायला मला वेळ नाही." म्हणून हे लिहून ठेवतो.

१. सायकल ताईला. ब्रेक लागत नाहीत, हे तिला माहीत आहे. तरी पुन्हा सांगतो.

२. मल्टिमीटर आणि उरलेली तांब्याची तार वेल्डरमामांना. कॉलेज सुटल्यावर त्यांनी वर्कशॉपमधलं कोपऱ्याचं टेबल दिलं आणि एकदाही "पुढे काय?" विचारलं नाही. ते काम बाबांनी चोख केलं.

३. प्रोजेक्टच्या सरांना काहीही नाही. कारण पुढच्या कलमात.

४. जनित्र पट्टीला. पट्टी म्हणजे प्रयोगशाळेतली माझी जोडीदारीण, खिशात सदैव स्टीलची पट्टी. ती म्हणाली होती, "गोल चुंबकांत फटी राहतात. चौकोनी घे, तारेच्या कॉइलची अख्खी बाजू झाकतील. पाचरीच्या आकाराचे त्याहून बरे, पण मुद्दाम घडवून घ्यावे लागतील."

"गोल छान दिसतात."

"स्थळ बघायला आलायस का?"

मी हट्टाने गोलच आणले. दोन तबकड्या, प्रत्येकीवर बारा; एकाचा उत्तर ध्रुव वर, शेजारच्याचा दक्षिण. चूक नको म्हणून तिने प्रत्येक उत्तर ध्रुवावर नेलपॉलिशचा ठिपका दिला. सर हसले, "पार्लर काढलंय का?" माझं डोकं फिरलं. सगळे ठिपके पुसले आणि आठवणीवर चिकटवत गेलो. सातवा उलटा बसला. चाचणीत दिवा नुसता थरथरला. सर म्हणाले, "चुंबक नाही, तुझं डोकं उलटं बसलंय." मी जनित्र उचललं आणि दार आपटून निघालो, तो कायमचा.

तो सातवा तिनेच इथे येऊन लाकडी पाचरीने उपटला. बोट चुंबकांमध्ये सापडलं, नख काळं पडलं. "दुखत नाही," म्हणाली. दुखत होतं. मग खिडकीत बसून आम्ही एका कपातून चहा प्यायलो. तशी दुपार पुन्हा आली नाही.

गोल काढून चौकोनी बसवायचा तिला पूर्ण अधिकार आहे. पट्टे, तू बरोबर होतीस. आणखी एक सांगायचं होतं, ते तीन वर्षांत तोंडातून फुटलं नाही. खांबाची भीती वाटत नाही, त्याची वाटते.

ठिकाण: वर्कशॉपची गच्ची. सात मार्च, शनिवार. वारा पश्चिमेचा.

(सही)

साक्षीदार १: वेल्डर. वाचलं. दोर मी स्वतः बांधणार.

साक्षीदार २: पट्टी. साक्षीदाराने सही केली की मृत्युपत्रातला त्याचा वाटा रद्द होतो, हे मामांना विचारून घेतलं आणि मगच सही केली. तू मेल्यावर मिळणारं मला काही नको. जे काय सांगायचं ते उद्या खाली उतरून सांग. मी खांबापाशी उभी असेन.