मास्तरांना दिलेला दिवा

६ जानेवारी, सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? दुखऱ्या गुडघ्यांनी भाऊजींना उगाच जिने चढू देऊ नकोस. इकडे सगळे ठीक. लेकीचे पुढचे दोन दात पडलेत. कवळ्या बनवणाऱ्या आईच्या पोरीला दात नाहीत म्हणून शेजारीण हसत असते.

सुट्टी संपून आमचं काम परवा सुरू झालं. भेटींचा कार्यक्रम कसा झाला, असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा मी "छान" म्हणाले आणि विषय बदलला. छान झाला नाही, ताई.

वर्षअखेरीला आमच्याकडे चिठ्ठ्या टाकतात. ज्याचं नाव येईल त्याला भेट द्यायची. फार महागाची नको, फार खासगी नको, आणि ती सगळ्यांसमोर उघडायची. मला मास्तर आले. आठ वर्षांपूर्वी मेणात दात कसे बसवायचे ते मला हात धरून शिकवणारे मास्तर. पॅकिंगवाली म्हणाली, "मफलर दे आणि मोकळी हो." दुकानात मी मफलर हातात घेतलाही होता.

मग तो ठेवला आणि दिवा घेतला. टेबलाला अडकवायचा, मोठं भिंग बसवलेला.

कारण उन्हाळ्यापासून मास्तरांना दातांच्या छटा ओळखू येत नव्हत्या. माणसाच्या उरलेल्या दातांशी नवा दात जुळवावा लागतो. जास्त पांढरा बसला तर हसताना तोंडात बल्ब लावल्यासारखा दिसतो. मास्तर असे बल्ब लावायला लागले होते. ते जेवायला गेले की मी गुपचूप दात बदलून ठेवायचे. कोणाला बोलले नाही. त्यांनाही नाही.

मास्तरांनी कागद फाडला नाही. नखाने चिकटपट्टी काढत काढत खोकं उघडलं. भिंग बघून गाडीवाला ओरडला, "मास्तर, आता दात मोजून घ्या!" सगळे हसले, मास्तरही. मालकीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत.

"हेच का आणलंस?" त्यांनी मला विचारलं.

"असंच, बाई."

"असंच कोणी भिंग आणत नाही."

आणि मी सांगून टाकलं. उन्हाळ्यापासूनचं सगळं, सगळ्यांसमोर. जीभ आवरेचना. मास्तर त्या कागदाची घडी घालत होते. घातली, मोडली, पुन्हा घातली.

परवा गेले तर मास्तरांना आतल्या खोलीत साच्यांत प्लास्टर ओतायला बसवलं होतं. खिडकीजवळचं त्यांचं टेबल बाईंनी मला दिलं. मुख्य कारागीर म्हणून. पॅकिंगवाली माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आवळा देऊन कोहळा काढलास गं."

मला इतका राग आला! दिवसभरात एकाच कवळीचे दात चारदा काढून बसवले. खोट्या आरोपाचा राग असा हातात उतरत नाही, हे मला रात्री अंथरुणात कळलं.

आता जे लिहायला चार पानं फाडली ते लिहिते. चिठ्ठ्या टाकायच्या आदल्या दिवशी बाई मला म्हणाल्या होत्या, "मास्तरांनंतर तूच. पण त्यांना हलवायला मला काही कारण तर हवं." मफलर खाली ठेवताना हे वाक्य माझ्या डोक्यात होतं. दिवा त्यांच्यासाठीच घेतला, शपथ. पण तो त्यांच्या घरी जाऊन, चहा पिता पिता, हळूच देता आला असता. आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

काल संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. त्यांच्या बायकोने, काकूंनी, दार उघडलं आणि पाण्याचा पेला समोर आदळला.

"डॉक्टरकडे जाऊन आलो," मास्तर म्हणाले. "मोतीबिंदू आहे. काढला की दिसेल म्हणतात. मी मूर्ख, भीतीपोटी इतके महिने गेलो नाही."

"मग टेबल परत तुमचंच, मास्तर."

"ते बाई ठरवतील." मग म्हणाले, "एक विचारू? मुद्दाम केलंस का?"

"नाही." त्यांचा प्रश्न पुरता संपायच्या आत म्हणाले मी.

त्यांनी मान हलवली. "वाटलंच मला. ही उगाच काहीबाही बोलते. गुरुवारी ऑपरेशन आहे. हिला दवाखान्यात घेरी येते. तू येशील बरोबर?"

"येईन," म्हणाले.

ताई, ते "नाही" निम्मं खोटं होतं. ऑपरेशननंतर डोळ्यावर पट्टी असेल तेव्हा खरं सांगू, असं मी घरी येताना ठरवलं. त्यांचा दुसरा डोळाही अधू, माझं तोंड दिसणार नाही, सोपं जाईल. सकाळी चूळ भरताना आरशात बघितलं आणि या विचाराची शिसारी आली.

म्हणून आजच सांगते. प्लास्टरच्या खोलीत त्यांच्यासमोर बसून, उजेडात. दिसेल तेवढं तोंड दिसू दे. मग बाईंना सांगेन, मास्तर बरे होईपर्यंत त्या टेबलाशी मी बसणार नाही. बाई काय करतील माहीत नाही. मास्तर गुरुवारी दुसऱ्या कुणाला बरोबर नेतील, तेही होईल. तसं झालं तरी मी दवाखान्याबाहेरच्या बाकावर बसून राहीन. काकू हाकलतील तर हाकलोत.

कामाची वेळ झाली. पत्र वाटेत टाकते, म्हणजे माघार घेता येणार नाही.

मास्तरांना अजून "हो" न म्हणालेली,
तुझी धाकटी