बदक, ससा आणि बस

४ तारीख, सोमवार

गेली भिंगरी! मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही कार्टीने. शिशुवर्गात असताना रोज फाटकाशी गळामिठी, रडारड. आज पहिलीचा पहिला दिवस आणि टाटा करायलाही विसरली. मीच आपली गज धरून उभी. शिपाईकाका म्हणाले, शाळा मुलीची आहे, तुम्ही घरी जा.

घरी येऊन मशीनवर बसले. पँटचा एकच पाय दोनदा आखूड केला! आता गिऱ्हाइकाला काय सांगू?

५ तारीख, मंगळवार

शिशुवर्गात ताई होत्या, पहिलीत बाई आहेत. एका अक्षराचा फरक. पण भिंगरी म्हणते, ताई मांडीवर घ्यायच्या, बाई घेत नाहीत. सतरंजी जाऊन बाक आलं. हिचे पाय जमिनीला पोचत नाहीत.

९ तारीख, शनिवार

बाईंनी बोलावलं. 

झालं असं की, फळ्यावर ‘बस’ लिहिलं होतं आणि भिंगरीला वाचायला उभं केलं. ही म्हणाली, बदक आणि ससा. शिशुवर्गाच्या भिंतीवर बदकाचा ब, सशाचा स — मग तिचं काय चुकलं? बाई म्हणाल्या, नीट बघ. पुन्हा बदक, पुन्हा ससा. शेवटी बाईंनीच वाचून दाखवलं, “बस.” तर ही बसली! वर्ग हसून लोळला. तेव्हापासून उभी राहत नाही, तोंड उघडत नाही.

मला हसू येत होतं, बाईंना नाही. वाईट नाहीत त्या. म्हणाल्या, पहिला महिना बघायचा, अक्षरं जोडता आली नाहीत तर वर्षभर परत शिशुवर्ग, शाळेचा नियमच आहे.

भिंगरी शेजारीच उभी होती.  घराच्या दारात आल्यावर म्हणाली, “आई, मी परत लहान होणार?”



१२ तारीख, मंगळवार

सासूबाई म्हणतात, दात काय सगळ्यांना एकाच दिवशी येतात? खरंय. पण दातांची चाचणी नसते ना!

रोज संध्याकाळी घेऊन बसते. ‘घर’ लिहिलं तर म्हणे घर आणि रथ. अर्धं बरोबर! रडू की हसू? शेवटी ओरडले. ती रडली, मग मीही.

१९ तारीख, मंगळवार

काय लिहू! 

मी बाह्या जोडत होते. ती पायाशी चिंध्यांत बसलेली. पाटीवर ‘बस’ लिहून दिलं. “बदक—” म्हणाली आणि माझ्या तोंडाकडे बघत थांबली. मी वैतागून म्हटलं, अगं, हाकल त्या बदकाला एकदाचं! तर हिने खरंच हाकललं. पाटीवर वाकून, हात हलवून — हुश्श! हुश्श! मग सशाला. मग बराच वेळ नुसती पाटीकडे बघत राहिली. ब, म्हणाली. स. पुन्हा ब, स. आणि एकदम मान वर. ते डोळे!

“आई, बस! स्टॉपवर येते ती! ती इथे आहे!”

मशीनचं चाक धरून मी तशीच. आत्ता नुसत्या खडूच्या रेघा होत्या, आणि आत्ता त्यातून बस आली. माझ्या डोळ्यांदेखत! ही जन्मली तेव्हा मी अर्धी बेशुद्ध होते. हे मात्र टक्क जागेपणी पाहिलं.

मी कधी वाचायला लागले? आठवत नाही. ह्यांना विचारलं, त्यांनाही नाही. सासूबाईंनाही नाही. एवढी मोठी गोष्ट, आणि घरात एकालाही आठवू नये!

२२ तारीख, शुक्रवार

सुटलीय नुसती! साबणाचा कागद, न्हाव्याची पाटी, काही सोडत नाही. आज कोपऱ्यावरच्या दुकानदाराला जाऊन सांगितलं, तुमचं दुकान ‘बंद’ आहे. पाटी उलटी करायची राहिली होती. बिचारा सकाळपासून गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला!

२९ तारीख, शुक्रवार

चाचणी झाली. उभी राहिली. आधी हुश्श हुश्श केलं, मग वाचलं. सगळं!

पहिलीतच राहणार, म्हणाल्या बाई. मग हळूच विचारलं, ते हाकलायचं मी वर्गात घेतलं तर चालेल का? मी कसली नाही म्हणतेय.

१० तारीख, रविवार

मध्ये कितीतरी महिने लिहायचं राहूनच गेलं. दिवसभर तिचं वाचन कानात असतं, मग आपलं काय लिहायचं?

आज दुपारी घर एकदम गप्प. वाटलं झोपली. बघते तर खिडकीत पुस्तक घेऊन बसलेली. ओठ हलत नव्हते. पान उलटलं आणि हसली. म्हटलं, मोठ्याने वाच ना, मलाही ऐकू दे.

“मनात वाचतेय,” म्हणाली. मान वर केली नाही.

कशाला हसली, मला ठाऊक नाही.