आडी महिन्यातला वारा

नुंगंबाक्कम, चेन्नई
नवरात्र, ऑक्टोबर २००७

प्रिय अप्पा,

फोनवर तुम्ही सापडत नाही म्हणून लिहायला बसले. केव्हाही फोन करा, शहाजीकाका सांगतात, अण्णा पूजेला बसलाय. तंजावरच्या घरात एवढी पूजा कधीपासून होऊ लागली, हे आईलाही उमगत नाही. धाकट्या भावाकडे चार दिवस जाऊन येतो म्हणालात आणि दोन महिने झाले. आईनं यंदाही बाहुल्यांचा कोलू मांडलाय. पायऱ्या जोडायला तुम्ही नव्हता, मी जोडल्या, त्यामुळे वरची पायरी कललीय आणि तिच्यावरचे सगळे देव डावीकडे झुकून बघताहेत. मिरजेहून लग्न होऊन आलेल्या या बाईला कोलू म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, आणि आता शेजारच्या मामी तिला विचारून बाहुल्या लावतात. संध्याकाळी सुंडलाचा प्रसाद वाटताना जो तो विचारतो, बालाजीराव कुठे. आई सांगते, गावी काम निघालंय. मला तिच्याकडे बघवत नाही.

काम काय निघालंय ते तुम्हाला माहीत आहे आणि मलाही. निवृत्तीच्या दिवसापासून तुम्ही माझ्याशी धड बोललेला नाहीत. रागावलात का, तेही सांगितलेलं नाहीत. रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं, कारण तुमच्याशी भांडायची मला लहानपणापासून सवय आहे. पवनचक्क्यांवरून आपण किती जेवणं थंड केली ते आठवा. तुम्ही म्हणायचात, जत्रेतली भिरभिरी लावून राज्य चालत नाही. वारा म्हणजे पाहुणा, तो यायच्या वेळी येत नाही आणि जायच्या वेळी जात नाही. कोळसा कसा, हाक मारली की ओ देतो. मी म्हणायची, सरकारला जेवढं जमलं नसतं तेवढं खाजगी लोकांनी पदरचे पैसे घालून उभं केलंय, सूतगिरणीवाल्यांपासून थिएटरवाल्यांपर्यंत. मग आई मध्ये पडायची आणि ताटात भात वाढून दोघांनाही गप्प करायची.

एक गोष्ट मात्र मी तेव्हा सांगितली नाही, कारण भांडणात ती सांगता येत नाही. गेल्या वर्षी आम्हाला वीज-नियंत्रण केंद्रातून नागरकोविलकडे पाठवलं होतं. खिंडीच्या तोंडाशी गाडी वळली. डोंगराच्या पायथ्यापासून नजर पोचेल तिथपर्यंत पांढरे खांब, आणि सगळी पाती एकाच दिशेला तोंड करून फिरताहेत. आवाज म्हणाल तर दुरून पदर झटकावा एवढाच. एका खांबाच्या बुडाशी मालकानं कुंकू लावून लिंबं बांधली होती. खांबाची सावली पडली होती, त्या अरुंद पट्ट्यात शेळ्या एकीमागे एक उभ्या होत्या आणि सावली सरकली की त्याही सरकत होत्या. त्यांच्या डोक्यावर एका गावाला पुरेल इतकी वीज तयार होत होती. मी हात लावून बघितला, खांब आतून थरथरत होता. लहानपणी तुम्ही मला तुमच्या वीज-स्टेशनात नेलं होतंत आणि टर्बाइनजवळच्या जमिनीवर चपला काढून उभं केलं होतंत, तेव्हा तळपायांना जे वाटलं होतं तेच मला तिथे हाताला वाटलं. तुम्हाला हे आवडणार नाही, पण मला ती दोन्ही एकाच घरची वाटली.

आता त्या दिवसाबद्दल. तुमच्या स्टेशनची रीत मला पाठ आहे. निवृत्त होणाऱ्या शिफ्ट इंजिनिअरनं चालतं युनिट, म्हणजे वीज करणारा अख्खा संच, पुढच्याच्या हाती द्यायचं. बंद युनिट देणं म्हणजे विझलेला दिवा देणं. तुम्ही आपल्या गुरूंकडून असंच घेतलं होतंत आणि राजगोपालकाकांना असंच देणार होतात. त्यांनी चंदनाचा हार आणून ठेवला होता. जिला आई उघडउघड सवत म्हणते, ती तुमची म्हातारी युनिट त्या दिवशी छान चालली होती. आणि महिना होता आडीचा, म्हणजे आपल्या आषाढाचा. आडीत कुणी लग्न करत नाही, घर बदलत नाही. नोकरीतून निवृत्तही व्हायचं नाही, असं कुणी म्हटलेलं नाही, पण तुमचा जन्मच जुलैतला, त्याला कोण काय करणार.

दुपारपासून सगळीकडे पाऊस लागला आणि पंखे बंद झाले, पंप थांबले, विजेची मागणी खाली आली. त्याच वेळी खिंडीतला वारा चढत गेला. वीज साठवून ठेवता येत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. जेवढी लागते तेवढीच त्या क्षणी तयार व्हायला हवी, आणि हे जुळवत बसणं हेच माझ्या टेबलाचं काम. धरणांवरची यंत्रं आम्ही आधीच थांबवली होती. मग कोळशातलं सगळ्यात महाग युनिट थांबवायची पाळी आली, आणि ते तुमचं होतं. शेजारच्या टेबलावरचा उमाकांत म्हणाला, सौम्या, फोन मी करतो. मी नको म्हटलं. तुम्हाला थांबायला सांगणारा आवाज माझा नसून दुसऱ्या कुणाचा असता, तर मी लपले असं तुम्हाला वाटलं असतं, आणि ते खरंच झालं असतं.

मी नाव सांगितलं, संदेश वाचला. पलीकडून तुम्ही नाव सांगितलंत आणि नियमाप्रमाणे माझा संदेश शब्दन् शब्द मला परत वाचून दाखवलात, जसा कुठल्याही परक्या इंजिनिअरला दाखवला असतात. मग एवढंच विचारलंत, वारा रात्रीपर्यंत टिकेल ना. मी म्हटलं, टिकेल असं दिसतंय, खात्री देता येत नाही. तुम्ही बरं म्हणालात. त्यानंतर पडद्यावर तुमच्या युनिटची रेघ खाली येताना मी पाहिली. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवावं तसं तुम्ही तिला खाली ठेवलंत. पुऱ्या राज्यात कुठे दिवा लुकलुकला नाही. शिफ्ट संपवून मी बाहेर पडले तर आपल्या कोपऱ्यावरचा रसवाला मोसंबीचा रस काढत होता, वरच्या मजल्यावर कुणीतरी इडलीचं पीठ वाटत होतं, आणि ते सगळं शेळ्यांच्या डोक्यावरच्या वाऱ्यावर चाललं होतं. मी रस्त्यात उभी राहिले, अप्पा. मला रडू येत होतं आणि माझी छाती भरूनही आली होती, आणि दोन्ही कशामुळे ते नीट सांगता येत नव्हतं. घरी आले तर तुम्ही जेवून झोपायला गेला होतात. चंदनाचा हार तुमच्या पिशवीत तसाच होता.

वारा आता उतरलाय. तुम्ही म्हणायचात तसा पाहुणा निघून गेला, हे मी कबूल करते, आणि बाकीची सगळी कोळशाची युनिटं पुन्हा धापा टाकत कामाला लागलीत. तुमची मात्र लागलेली नाही. बंद केल्यावर तपासणीला घेतली तेव्हा बॉयलर आतून फार झिजलेला निघाला. दुरुस्ती झेपणारी नाही असं ठरलंय, आणि तिला कायमची निवृत्त करायचा आदेश काल आमच्याकडे आला. सोमवारी सकाळी तो मी फोनवरून तुमच्या स्टेशनला वाचून दाखवणार आहे आणि राजगोपालकाका तो मला परत वाचून दाखवतील. त्याआधी तुम्हाला कळावं, आणि माझ्याच तोंडून कळावं, म्हणून हे पत्र. त्या संध्याकाळी हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. तुमच्यानंतर तिला कुणी पेटवलं नाही आणि आता कुणी पेटवणारही नाही. राजगोपालकाकांच्या हाती द्यायचं असं काही उरलंच नव्हतं, अप्पा. तिला कुणीतरी शेवटचं खाली ठेवायचं होतं, आणि ते तुम्ही ठेवलंत.

तुमचीच,
सौम्या