पत्रावळीला पन्नास सेकंद

रविवार, १९ जानेवारी २००३

पहिली आली ती धोंडूबाई! पाहुणे दहाला येणार आणि ही शेजारीण सातलाच ओट्यावर. बसली अशी, जशी नात तिचीच! म्हणते, "जानके, चहा टाक. मग कामाला लागू."

पाहुणे म्हणजे आमची संध्या आणि तिच्या वर्गातली दोघं, रत्नदीप नि हेतल. मुरबाडकडच्या कॉलेजात तिघं डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला. कारखान्यात वस्तू कशी बनवायची त्याचं शिक्षण. शेवटी स्वतः एक मशीन करून दाखवायचं असतं. यांनी घेतलं पत्रावळ्यांचं! पण आधी हाताने किती वेळ लागतो ते मोजायचं – म्हणून आमच्या गावात, शेणव्याला. लग्नसराईत आम्ही दोघी पत्रावळ्या लावून देतो ना.

रत्नदीप आल्या आल्या "जयभीम आजी" म्हणाला, पाया पडला. गुणी पोरगा. गळ्यात घड्याळ, शर्यतीत असतं तसलं. हेतल लिहायला. शहापूरच्या दुकानदाराची पोर, पण सारवलेल्या जमिनीवर मांडी घालून बसली – नव्या ड्रेसात!

संध्या म्हणाली, "आजी, रोज करतेस तसंच कर."

रोजच्यासारखं कसं करू? पाहुण्यांपुढे कोणी पसारा मांडतं का? ती यायच्या आधीच आम्ही पानं पुसून, निवडून पाटीवर ठेवली, काड्या चिरून ठेवल्या. कोपराही झाडला. धोंडूबाई माझ्या कानात – "पोरीच्या मार्कांचा सवाल हाय. हात चालव."

चालवला! दोघी एक शब्द बोललो नाही. धोंडूबाई गप्प – हे गावात कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. पन्नास सेकंदाला एक पत्रावळ! रत्नदीपने तोंडात बोटच घातलं.

जेवायला चवळी, भाकरी, सुकट. हेतल सुकट खात नाही, तिला तूप-गूळ दिला. पोरं पोटभर जेवली. माझ्या दारात कॉलेज आलं आज!

शनिवार, १ मार्च

संध्या घरी आली, जेवली नाही.

मशीन झालं म्हणाली. पायाने दाबायचा साचा आहे, तापतो, मध्ये पानं घातली की पत्रावळ तयार. चालतं पण झकास. मग रडतेस का गो? तर ढिगातलं पान उचलून, पुसून, दाबून मशीनला लागतात सत्तर सेकंद. आणि आम्हाला पन्नास!

परीक्षेला बाहेरचे साहेब येणार. ते विचारणार, बाया हाताने लवकर करतात, मग हे लोखंड कशाला? "नापास करतील आजी."

तिचा बाप दारात उभा होता. "वर्ष गेलं तर शिक्षण बस. मी स्थळं बघतो." माझाच मुलगा, पण असं बोलला की मला त्याचा राग आला.

पुसणं, निवडणं, काड्या चिरणं – ते घड्याळात आलंच नाही!

रविवार, २ मार्च

सांगितलं नाही. पोर परत गेली.

मंगळवार, ४ मार्च

सकाळच्या एसटीने दोघी कॉलेजात. धोंडूबाईला म्हटलं तू नको येऊ. तर म्हणे, "कानात कोण बोललं? मीच ना? मग?" पिशवीत पानं भरून घेतली, सगळी ओली-सुकी, न निवडलेली, काड्याही न चिरलेल्या.

वर्कशॉपात संध्या लेथवर उभी. डोळ्यांना मोठा चष्मा, अंगात खाकी कोट. लोखंडाचा कुरळा कुरळा किस निघत होता – लोखंड असं सोलता येतं हे मला माहीतच नव्हतं! कशाला आले तेच विसरले. माझ्या पोरीच्या हाताखाली लोखंड!

सर आले. तरणेच आहेत. मी सगळं सांगितलं. धोंडूबाई मध्येच – "तिचं काय नाय, सर. मीच बोलली हात चालव म्हणून. मारायचं तर मला मारा."

सर आधी हसले. मग संध्याकडे वळले. "चूक आजींची नाय. तुमची तिघांची. पाटीवर पान दिसलं तिथून मोजलंत. पान पाटीवर आलं कसं, विचारलंत?"

मग सरांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, चहा दिला आणि म्हणाले, "आता तुमी गप्पा मारा. घड्याळाकडे बघू नका."

गप्पा म्हणाल्यावर धोंडूबाई सुटलीच! तिच्या सुनेपासून किन्हवलीच्या बाजारापर्यंत. पुसा, निवडा, चिरा, टाचा – एका पत्रावळीला अडीच मिनिटं. हेतलने आकडा मोठ्याने वाचला आणि तिघं ओरडलीच.

संध्या मला बिलगली. कोटाला तेलाचा वास. "आधी का नाय सांगितलंस गो?" म्हटलं, भीती वाटली. "मला पण," म्हणाली.

सरांचे उपकार. रागावले असते तरी आम्ही काय बोललो असतो?

शुक्रवार, ११ एप्रिल

पास! बाहेरच्या साहेबांनी स्वतः पाय दाबून तीन पत्रावळ्या काढल्या म्हणे. हेतलचा फोन वाण्याच्या दुकानात आला, त्याचा पोर धावत सांगायला. संध्याचा बाप बाजारात गेला आणि कोंबडी घेऊन आला. स्थळांची गोष्ट काढली नाही. बरं वाटलं. सगळ्यांचं भलं होवो.

शुक्रवार, २० जून

संध्याला नोकरी लागली, मोठ्या कारखान्यात. बायांच्या लायनीवर घड्याळ घेऊन उभं राहायचं, एका नगाला किती सेकंद ते ठरवायचं. धोंडूबाई नाचायचीच बाकी होती. मीही हसले. मग कामाला बसले तर हातच चालेना. त्या बाया काही तिच्या आज्या नाहीत. घड्याळ बघून भीतीने हात उचलतील, जीव तोडून करतील – आणि तोच आकडा त्यांच्यावर रोजचा म्हणून बसेल. हे पोरीला समोर बसवून सांगायचं आहे, या वेळी गप्प राहायचं नाही. तिघंही येतो म्हणालेत – रविवारी, २९ जूनला.