उपटलेल्या पट्ट्या
रविवार, संध्याकाळ

धाकट्या जावेला पट्ट्या धुवायला सांगितल्या कोणी? पेनानं लिहिलेलं पावसात जातं, म्हणून उन्हाळ्यात तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, खिळ्यानं प्रत्येक वाफ्यातल्या भाताचं नाव कोरलं, लवकरचा हळवा, उशिराचा गरवा. बोट कापलं, व्रण आहे अजून. दरवर्षी त्याच वापरायच्या होत्या. हिनं आज भाताच्या रोपांतून सगळ्या उपटल्या, राखेनं घासल्या, चुलीपाशी रचल्या. "वयनी, पाहुणे येणार, चिखलाच्या बऱ्या दिसत नव्हत्या." पाहुणे काय पट्ट्या खाणार? कोरलेलं एकही अक्षर गेलं नाही, वाफे तेवढे बिननावाचे झाले. रोपं सगळी सारखीच हिरवी. उशिराचा गरवा पाणी न टिकणाऱ्या माळावर लागला तर दाणा भरायच्या आधी वाळेल, मग वर्षभर खायचं काय? या बोटाचं काय? बुधवारी लावणी आहे. उद्या तिला तोंडावर सांगणार, कुठली पट्टी कुठल्या वाफ्यातली, मंगळवारी दिवेलागणीच्या आत मला दाखव.