पिवळा मळू द्यायचा न्हाई

३ फेब्रुवारी
मंठ्याहून सकाळच्या एस.टी.नं नवीन जालन्यात पोचलो. अमृतलाल शेठजी माणूस झकास! त्यांच्या वारलेल्या आईची, पानबाईंची, ऑईलमध्ये तसबीर करायचीय. वरची उजेडाची खोली दिली, चहावर चहा चाललाय. आधीच्या दोन पेंटरांनी चेहऱ्याचा रंग पार मळवला म्हणे. म्हटलं, शेठजी, तीस वर्षं झाली, प्रत्येक रंगाला ब्रश निराळा ठेवतो, चिंधी घडोघडी बदलतो. बारा तारखेला माझ्या वंदनाची हळद, त्याच्या आत बराबर संपवतो. एकुलती एक पोरगी. तिचं ते पिवळं रूप बघायला डोळे आसुसलेत.

५ फेब्रुवारी
कमाल हाय. एरवी कितीबी जपलं तरी पिवळ्यात लाल घातला की माझा रंग जरासा गढूळ होतोच. वय झालं, हात थकला. हितं होईना. पानबाई आत्ताच न्हाऊन आल्यागत दिसतात. ब्रश धुतला तर टर्पेंटाईन नितळ, चिंधी पांढरी ती पांढरीच. मंग मळ जातोय कुठं? जाऊ द्या. जल्मात एकदा तरी मनासारखं काम होऊन राह्यलं.

७ फेब्रुवारी
डोळे जड झालेत. खालचे आटो सगळे राखी दिसले, धूळ असंल. स्वयंपाकाच्या द्वारकाबाई सांगत होत्या, आधीच्या पेंटरनं जाताना त्यांना विचारलं, बाई, पांढरं लुगडं का नेसलात? त्या दिवशी त्यांचं हिरवं होतं. मी हसलो. मंग त्यांच्या आजच्या लुगड्याकडं बघितलं, अन् रंग विचारायची हिंमत झाली न्हाई.

९ फेब्रुवारी
वरण राखी. कुंकू राखी. तसबिरीतले रंग तेवढे लखलखीत. मळ कुठं जातोय ते कळलं — माझ्या डोळ्यात. देव देतो अन् कर्म नेतं, ते असं. सोडून जावं तर फक्त ओठ राह्यलेत. अर्धं सोडवत न्हाई. लई थकलो.

११ फेब्रुवारी
संपलं. शेठजी रडले, आईच आली म्हणाले. मी जिन्यात बसून राह्यलो. घरी जायची भीती वाटती.

१२ फेब्रुवारी
मंठा. हळद लागली. बाया म्हणतात, पोरगी सोन्यावानी दिसती. मला चिखल दिसला. कपाळ, गाल, हात — सगळा चिखल. माझ्या पोरीला —

संध्याकाळ
बाया मांडवात जेवतात. वंदनाला खोलीत घेतलं. म्हटलं, रंग मळलाय, पुसून देतो. टर्पेंटाईननं जाईना. मंग रंग खरवडायची सुरी —
ती म्हणाली, "बाबा, झोंबतंय. बस करा."
थोडंच राह्यलंय, बाळा.
आता बोलत न्हाई. शहाणी पोर.
खालून लाल निघाला. स्वच्छ लाल. किती दिवसांनी रंग दिसला. आता दुसरा गाल, मंग झोपतो. जरा इकडं तोंड कर, वंद—