भुंग्याच्या पोटातला पदर

२२ नोव्हेंबर, शनिवार

भुंग्याचं पोट फाडलं आज!

घोटभर चहा तोंडात घेतला तो अजून गिळवंना, आणि ही ऋतिका वही घेऊन पुढ्यात बसलीय. म्हणते, आजी, डॉक्टरणीनं सांगितलंय, कुत्र्यानं काय खाल्लं, काय ओकलं, रोजच्या रोज मांडून ठेवायचं. बरं. दिवसभर कुत्र्यापाशी बसणार मी, अंगठाबहाद्दर. लिहिणार नात. पण मग माझ्या तोंडाला येईल ते सगळं लिहायचं! डॉक्टरणीला ओकारीचं तेवढं फोनवर सांग. बाकीचं वहीतच राहू दे.

परवापासून ओकत होता. वाटलं, गवत खाल्लं असंल. काल पाणीसुद्धा पोटात ठरंना. आज सकाळी बघते तर न्हाणीत बादलीमागं तोंड खुपसून बसलेला. काठी आपटली तरी वळून बघंना. एरवी काठी वाजली की शेपूट घालून शेजारच्या जयाबाईच्या परड्यात पळणारं जनावर! भरमूनं, माझ्या लेकानं, उचलून गाडीत घातला. मीपण चढले. "आई, तू कशाला?" — मला कुत्रं आवडत न्हाय हे सगळ्या येळ्ळूर गावाला ठावं. तरी चढले.

पिरनवाडीची जनावरांची डॉक्टरीण म्हणजे हाताएवढी पोरगी. कन्नड घरातली, मराठी अडखळत बोलते, हात मात्र अडखळत न्हाईत. फोटो काढून म्हणाली, आतड्यात काहीतरी अडकलंय, पुढं जाईना, मागं येईना. उघडलं तर तिथलं आतडं काळं पडायला लागलेलं. मग कापलं. सडका तुकडा टाकून दिला आणि दोन टोकं एकमेकाला शिवली. आतडं शिवतात! मी आयुष्यभर वाकळा शिवल्या आणि स्वतःला लई मोठी समजले.

मग काय अडकलंतं ते ट्रेमधनं आणून दाखवलं. एक चिंधी. वर दोन पक्क्या गाठी. नळाखाली धरली तसा रंग वर आला. हिरवा. कडेला लाल काठ.

माझ्या लुगड्याचा पदर! शहापूरच्या मागावरचं, मी स्वतः निवडलेलं!

सून, सरोजिनी, शाळेतनं थेट आलेली, शेजारीच उभी होती. तिनं चिंधीकडं एकदा बघितलं आणि भिंतीवरचं मांजरांचं कॅलेंडर वाचायला लागली.

२३ नोव्हेंबर, रविवार

ट्रंक उघडली. लुगडं घडीतच होतं. घडी मोडली. पदराला चौकोनी भोक! कुरतडलेलं न्हाय, फाटलेलं न्हाय. कात्रीनं कापलेलं, पट्टी लावल्यागत सरळ. आता कुत्रं कात्री धरतं व्हय?

घरात तिघं माणसं आणि मी. भरमूला शर्टाचं बटण लावता येत न्हाय. ऋतिका माझ्या ट्रंकेला हात लावायची न्हाय, तिला डांबरगोळ्यांचा वास सोसत न्हाय. (लिही की! खरं ते लिही.) राहिलं कोण?

गप बसले. बघू म्हटलं, किती दिवस गप बसती.

भुंग्याला संध्याकाळी घरी आणलं. गळ्यात प्लास्टिकचा कर्णा — टाके चाटू नयेत म्हणून. उरुसातला लाऊडस्पीकरच दिसतोय. दारातनं आत येताना चौकटीला धडकला, मग माझ्या पायाला. मी हसले आणि लगेच डोळ्याला पाणी आलं. वय झालं.

डॉक्टरणीनं बजावलंय. शिवलेला सांधा लगेच पक्का होत न्हाय. उलट पहिले तीन-चार दिवस सरता सरता तो जास्ती नाजूक होतो आणि फुटायचा तो तेव्हाच फुटतो. म्हणून गरगटा भात, तोही थोडा-थोडा. हाड न्हाय, भाकरी न्हाय, तिखट न्हाय. उड्या न्हाईत. हिरड्या गुलाबी आहेत का बघायच्या. पोट फुगलं, ताप आला, परत ओकला, तर तसंच उचलून आणायचं.

ऋतिकानं तिला शंभर प्रश्न विचारले. सांधा कधी धरतो? फुटला तर कळतं कसं? आणि काय विचारावं पोरीनं — वय जास्ती असलं तर? अगं, भुंग्या कालचं पोर! तुला म्हाताऱ्या कुत्र्याची कशाला काळजी? मी तिथंच चेष्टा केली. ती हसली न्हाय.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दोन घोट पाणी. ओकारी न्हाय. टाके कोरडे. भात चाटला, गिळला न्हाय.

माझंही पित्त खवळलंय. गोळी घेतली. आम्ही दोघं एकाच सतरंजीवर.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज धरलं सरोजिनीला. शाळेतनं आली, पोरांचे पेपर तपासत बसली, मी समोर जाऊन लुगडं पसरलं. भोकातनं बोट घालून दाखवलं. म्हटलं, मास्तरीणबाई, ह्या प्रश्नाला किती मार्क?

तिचा लाल पेन खाली पडला. मग हळूहळू सगळं सांगितलं.

अमावस्येला तिन्हीसांजेला मी पडवीत डोळे मिटून पडलते. तेव्हा हिनं माझ्यावरनं उतारा उतरला! दहीभात, उकडलेलं अंडं, आणि दुखणाईताच्या अंगावरचं कापड लागतं म्हणून माझा पदर. नेऊन तिठ्ठ्यावर ठेवला. काळ्या कुत्र्यानं तोंड लावलं की पीडा गेली म्हणतात. आता आमच्या आळीत काळं कुत्रं म्हणजे भुंग्याच!

ही बाई शाळेत विज्ञान शिकवते. मी मिरच्या ओवाळल्या की नाक मुरडते.

आणि केलंय काय तर उतारा डब्यासारखा बांधला! मुंग्या लागू नयेत म्हणून दोन गाठी मारल्या! अगं, पानावर उघडा ठेवायचा असतो तो. आमच्या आजीपासनं उतारे टाकतात, एका कुत्र्याचं पोट फाडावं लागलं न्हाय. शिकलेल्या माणसानं अडाण्याचं काम केलं की असं होतं — तेही नीटनेटकं करून ठेवतात.

विचारलं, पण कशासाठी गं? ती म्हणाली, तुमचं पित्त उतरंना म्हणून, आत्या. खाली बघून म्हणाली.

पित्तासाठी उतारा! मी लई हसले. रात्री जेवताना मात्र तिच्याकडंच बघत होते. लग्न होऊन आल्यापासनं ही माझ्याशी मोजून बोलते. मला वाटायचं, माझी पीडा हिला कधी एकदा टळंल असं झालंय. आणि ही माझ्यासाठी तिठ्ठ्यावर जाऊन आली.

२६ नोव्हेंबर, बुधवार

बरं झालं लिहायचं काम माझं न्हाय.

आज चंपाषष्ठी. सकाळी भुंग्या जरा बरा होता. शेपूट हलवलं, दोन चमचे भात खाल्ला. माझ्या पोटात कळ आली म्हणून मी आत जाऊन आडवी झाले. तेवढीच नजर हटली.

जयाबाईच्या घरात खंडोबा. तळी भरली, भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला, आणि पहिला घास कुत्र्याचा! कुत्रं खंडोबाचं. दरवर्षी ती भुंग्यालाच घालते. मधल्या दगडी गडग्यावरनं हात घालून त्याचा कर्णा वर केला आणि अर्धा रोडगा भरवला — वर वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचं! मी बाहेर आले तेव्हा ती त्याच्या कपाळाला भंडारा लावत होती.

"आजच्या दिवशी त्याला उपाशी ठेवलं तर पाप कुणाच्या माथी गं?" मलाच विचारते!

दुपारी पाठीची कमान करून उभा राहिला. बसंना. मग ओकला — रोडगा तसाच्या तसा, वर पिवळं पाणी. कान तापलेले. हिरड्या बघितल्या, तर चुना लावल्यासारख्या पांढऱ्या. मी भरमूला हाक मारली, गाडी काढ.

डॉक्टरणीनं पोटात सुई घातली. म्हणाली, सांधा फुटला असंल तर घाण पोटात उतरली असंल, मग सुईत गढूळ येईल आणि परत उघडायला लागंल. परत उघडलं तर... पुढचं तिला मराठीत सांगता आलं न्हाय. कन्नडमधेपण सांगितलं न्हाय तिनं.

सुईत निवळ आलं, थेंबभर. तरी खात्री न्हाय म्हणाली, आतल्या आत झिरपत असंल तर उद्यापर्यंत कळंल. सलाईन लावून ठेवून घेतला.

निघताना भुंग्या कर्ण्यातनं माझ्याकडंच बघत होता.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

फोन आला. आहे अजून. ताप उतरलेला न्हाय.

जयाबाई दारात येऊन रडली. मी तिला चहा दिला. मग शिव्या दिल्या. मग परत चहा दिला.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

लिही ऋतिका. मी सांगते तसं लिही. पेन थांबवायचा न्हाय.

भुंग्याचा ताप उतरला. सांधा धरलाय! रोडग्यानं फक्त पोट बिघडलंतं. आणायला आम्ही सगळी गेलो. डॉक्टरणीनं त्याला माझ्या मांडीवर दिला. खूष होती पोरगी. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली,

"बघा अज्जी, आतडं शिवलं तरी बरं होतं. सोमवारी तुम्ही पण भ्यायचं नाही."

मी म्हटलं, सोमवारी काय?

तिनं ऋतिकाकडं बघितलं. ऋतिकानं जमिनीकडं. मग भरमूनं तिथंच सगळं सांगितलं.

माझ्या पोटात गाठ आहे. आतड्यात. गेल्या महिन्यात नळी घालून बघितलं तेव्हाच कळलंतं. मला सांगितलं, पित्त! गोळ्या दिल्या त्यापण पित्ताच्या न्हवत्या. सोमवारी बेळगावात माझं पोट उघडायचं ठरलंय, खाटसुद्धा ठरलीय. मला म्हणणार होते, तपासायला जाऊ. कुत्र्याच्या डॉक्टरणीला ठावं, माझी मला खबर न्हाय!

आता कळलं, वय जास्ती असलं तर, हे कुणासाठी विचारलंतं. मी चेष्टा केली आणि तू हसली न्हाईस ते.

गाडीत भरमू म्हणाला, आई, तू ऐकली नसतीस. बरोबर म्हणाला. मी म्हटलं, अजूनपण ऐकणार न्हाय. कुत्र्याला विचारलं न्हाय ते ठीक, त्याला वाचा न्हाय. मला आहे की! मी जाणार न्हाय.

रडू नको गं, वही भिजती. पुढचं उद्या.

२९ नोव्हेंबर, शनिवार

न्हाय म्हणजे न्हाय. भरमूनं हात जोडले. जयाबाईला पुढं घातलं. मी भिंतीकडं तोंड करून पडले.

खरं सांगते. राग नव्हता तो. भ्याले. बुधवारी त्या हिरड्या बघितल्यात मी.

दुपारी सरोजिनी येऊन सतरंजीच्या कडेला बसली. हातात माझं लुगडं. भोकाला आतनं दुसरं कापड लावून शिवत होती. मग मान वर न करता बोलली.

"आत्या, दवाखान्याचं नाव काढलं की तुम्ही दार लावता. म्हणून गेले मी तिठ्ठ्यावर. पोरांना शिकवते, असलं काही खरं नसतं. मग अंधारात तो उतारा ठेवला, आणि भुंग्या उचलून पळाला तेव्हा मला बरं वाटलं. त्याचं पोट फाडलं तरी तुमची गाठ आहे तिथंच आहे. आता माझ्याकडं दुसरं काही न्हाय."

मी म्हटलं, टाका लांब पडलाय, उसव.

तिनं उसवला. परत घातला.

३० नोव्हेंबर, रविवार

भुंग्या आज हागला! चांगलं, घट्ट! सगळं घर परड्यात जमून बघतंय. भरमूनं फोटो काढून डॉक्टरणीला पाठवला. मुख्यमंत्री आला तरी एवढी गर्दी होत न्हाय.

मग कर्णा आपटत आला आणि माझ्या पोटावर डोकं ठेवून झोपला. बरोब्बर दुखतंय तिथं. उठवला न्हाय.

३ डिसेंबर, बुधवार

दोन घोट पाणी. ओकारी न्हाय. टाके कोरडे.

ऋतिका विचारते, आजी, भुंग्याचं कुठं लिहू? त्याचं मागच्या पानावर लिही. हे माझं. कर्णा तेवढा घातलेला न्हाय मला.